गार होतं तोवर ठीक होतं

दादा, परवा तुझ्या शोकसभेत रेड वाईन गरम होती. कोमट नव्हे, गरम. तुझ्या वाईन-रसिक मंडळाच्या अध्यक्षांनी खोके सकाळपासून गाडीच्या डिकीत ठेवले होते, आणि गाडी गंगापूर रोडवरच्या हॉलबाहेर एप्रिलच्या उन्हात उभी होती. ज्या एका गोष्टीवरून तू आयुष्यभर लोकांचं डोकं खाल्लंस, ती त्यांना तुझ्या फोटोसमोरसुद्धा जमली नाही. फोटोपुढे एक भरलेला ग्लास ठेवला होता. त्यात माशी पडली. ती काढायचं कुणाला सुचलं नाही, कारण सगळे त्या ग्लासाचे फोटो काढण्यात गुंतले होते.

दिंडोरीहून आलेल्या बाळूकाकांनी मला बाजूला घेतलं. "कुंदा, शोकसभेत दारू? हे काय नवीन काढलं?"

मी काही बोलायच्या आत अध्यक्ष वाकून म्हणाले, "काका, ही दारू नाही. ही आदरांजली आहे."

काकांनी प्लास्टिकच्या पेल्याला हात लावून पाहिला. "मग आदरांजली लय तापली हाय," म्हणाले, आणि पेला खुर्चीखाली सरकवला.

मग भाषणं. एकानं सांगितलं की सरांना बूच काढल्याबरोबर लांबूनच कळायचं. दुसऱ्यानं सांगितलं की सर नुसत्या वासावरून द्राक्ष कुठल्या शिवारातलं ते ओळखायचे. अध्यक्षांनी खिशातला रेशमी रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "आज नाशिकनं आपलं नाक गमावलं आहे." यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी पहिल्या रांगेत वहिनींशेजारी बसले होते. हसू दाबताना मला ठसका लागला. वहिनींनी माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली पुढे केली.

नाक म्हणे. तुझं नाक!

खरं म्हणजे एके काळी तुला नाक होतं. आप्पांच्या द्राक्षबागेत फवारणी झाली की तू घराच्या ओट्यावरून सांगायचास, आज कोणतं औषध मारलं ते. पुढे शेतकी शिकलास, एका वायनरीत नोकरीला लागलास, आणि एकदा सुट्टीला घरी आलास तो शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर खोचून. आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी ते काढून उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय रं?"

"वाईनचं तापमान बघायला."

"का? ताप आलाय का तिला?"

सगळं घर हसलं. तू नाही हसलास. तू तिथंच जेवणाच्या ताटावर आप्पांना समजावायला लागलास की फार गार केलं की वाईनचा वास दबतो, फार गरम झालं की नुसती दारू नाकात चढते, आणि त्या दोहोंच्या मधल्या थोड्याशा जागेत ती काय आहे ते कळतं. आप्पा शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भात गार झाला तुझा."

त्या दिवसापासून तू जो सुटलास तो सुटलासच. स्पार्कलिंग सहा ते आठ अंश. व्हाईट दहाच्या आसपास. रोझे त्याच्या किंचित वर. शिराझसारखी जड रेड सोळा ते अठरा. साधी बियर पाचाला, पण काळी, दाट बियर दहाच्या वर, नाहीतर ती आणि थंड काढा यात फरक नाही. व्होडका थेट फ्रीझरमधून. व्हिस्कीत बर्फ नको, थोडं साधं पाणी घाल. ब्रँडीला हाताची ऊब पुरे. हे सगळं तू पाढ्यांसारखं म्हणायचास, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणायचास. कुणी बिचारा म्हणाला, "रेड तर रूम टेंपरेचरला पितात ना सर?" की संपलंच. "कुणाच्या रूमचं?" तू विचारायचास. "तिकडच्या थंडीतल्या, दगडी भिंतींच्या रूमचं. पंचवटीतल्या मे महिन्यातल्या रूमचं नाही. तुमच्या रूममध्ये तूप वितळतं, आणि तुम्ही तिथं शिराझ ठेवता?" तो माणूस पुन्हा तुझ्या वाटेला जायचा नाही.

माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात तू काय केलंस ते सासरचे अजून विसरलेले नाहीत. मागच्या गच्चीवर पुरुषमंडळी बसली होती. मुलाच्या मामांनी रेड वाईनमध्ये बर्फ घातला. तू उठलास, ताटातला चमचा उचललास आणि त्यांच्या ग्लासातला बर्फ एकेक करून बाहेर काढलास. त्यांच्या हातातल्या ग्लासातून! "माफ करा," म्हणालास, "पण हे बघवत नाही." मामा पाहुणे होते, गप्प बसले. मला खाली स्वयंपाकघरात सासूबाईंनी ऐकवलं ते वेगळंच. तू मात्र जाताना मला म्हणालास, "कुंदे, त्यांनी कोला मागवला होता. निदान ते तरी मी थांबवलं."

मला तुझी लाज वाटायची, दादा. आणि तुझा तोरा बघून चीड यायची. द्राक्षं पिकवणाऱ्या घरातला माणूस तू, पण फळ खाणारा तुझ्या लेखी माणूसच नव्हता.

तरी एक दुपार मी तुला देणं लागते. लग्नानंतर मखमलाबादला फुलांच्या शेतीत मी अशी बुडाले होते की स्वतःसाठी म्हणून काही चाखलं नव्हतं. तू आलास, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस आणि एकाच बाटलीतली वाईन दोन ग्लासांत ओतलीस. एक फ्रीजमधून काढलेला, दुसरा तू सोळावर आणलेला. "पी." पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, नुसता कडवटपणा, जिभेवर कोरडं. दुसऱ्याला जांभळं आली. अगदी आपल्या विहिरीवरची, तुरट आणि गोड. मी म्हणाले, "ही वेगळी आहे." तू म्हणालास, "तीच आहे. तू वेगळ्या वेळी भेटलीस तिला." तेवढं एक वाक्य तू आयुष्यात धड बोललास, आणि तेही थर्मामीटर हातात धरून.

मग तो अपघात झाला. दिंडोरी रोडवर क्रेट भरलेला ट्रॅक्टर अचानक थांबला आणि तू मोटारसायकलवरून उडून पाठीवर आपटलास. डोक्याला मागे टाके पडले. बरा झालास, चार लोकांना जखम दाखवून झाली, आणि एक दिवस माझ्याकडे आलास. माझ्या पुढच्या खोलीत त्या सकाळी निशिगंध होता, फूलबाजारात न्यायच्या जुड्या, भिंतीला लागून रचलेल्या. आधी तू दारातूनच ओरडायचास, "ते बाहेर काढ आधी, माझं डोकं दुखतं, दिवसभर कशाचा वास कळत नाही." त्या दिवशी तू सरळ आत आलास, जुड्यांना पाठ टेकून बसलास आणि चहा घेत घेत बियरच्या तापमानावर बोलायला लागलास. जाताना विचारलंस, "यंदा निशिगंध नाही लावला का?"

मी तुझ्या मागे बोट दाखवलं.

तू वळून पाहिलंस. मग एक दांडी उपसलीस, नाकाशी नेलीस, फुलं नाकाला चिकटतील इतकी जवळ नेलीस. तुझा चेहरा मी विसरणार नाही. "डॉक्टर म्हणतात येईल परत," म्हणालास. "कधी ते सांगता येत नाही. कुणाला बोलू नकोस. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही."

"मग आता काम कसं करणार?"

"जीभ आहे. आंबट, गोड, तुरट कळतं. गार-गरम कळतं. बाकीचं पाठ आहे मला."

मी म्हणाले, "दादा, लोकांना सांग. सांगून बाजूला हो." तू म्हणालास, "बाजूला होऊन काय करू? निशिगंध विकू?" हे तू माझ्या घरात, माझ्या फुलांना टेकून बोललास. मी तुझा चहाचा कप उचलला आणि आत गेले.

वास काही परत आला नाही. तू मात्र आणखी मोठा झालास. मंडळ निघालं, तू त्याचा सर झालास, हॉटेलांतली पोरं वाकून नमस्कार करायला लागली. आणि तुझं तापमानाचं वेड आता वेड राहिलं नाही, कायदा झाला. अर्धा अंश इकडेतिकडे झालं की बाटली परत. मी लांबून बघायचे आणि मला कळायचं की एवढं एकच तुझ्या हातात उरलंय, म्हणून तू ते असं घट्ट धरून बसलायस. पण वासाचं वर्णनसुद्धा तू अचूक करायचास. पेरू, आवळा, ओली माती, भाजलेले शेंगदाणे. लोक हुंगायचे आणि माना डोलवायचे. मला वाटायचं, पाठांतराला काय सीमा आहे! आणि मला तुझा तिरस्कार वाटायचा. हा शब्द मी विचार करून लिहितेय.

मृणाल आली तोवर मी हे सगळं गिळत होते. मृणाल आपल्या गावाकडची, बाळूकाकांच्या शेजारच्या मळ्यातली. बाहेर शिकून आलेली, बापाच्या मागे लागून थोड्या एकरांत वाईनची द्राक्षं लावलेली, छोट्या टाक्या बसवलेल्या. पहिली व्हाईट वाईन, शेनिन ब्लां, तयार झाली तेव्हा ती नमुना घेऊन तुझ्या घरी आली. तू एकटाच होतास. तू ग्लास उजेडात धरलास, थर्मामीटर घातलंस, घोट घेतलास, तोंडात फिरवलास. "उत्तम," म्हणालास. "भरून टाक बाटल्यांत." स्वतःच्या नाकापेक्षा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं तुझ्या पाया पडून बाटल्या भरल्या.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या मळ्यात मांडव घातला होता. शहरातले हॉटेलवाले आले होते, तुझं मंडळ आलं होतं, तिचे वडील पांढरी टोपी घालून सगळ्यांना खुर्च्या देत होते. त्या दिवशी हॉटेलवाल्यांना वाईन आवडली असती तर तिची पुढची वर्षं उभी राहिली असती. बाटल्या बर्फातून काढल्या, ग्लास भरले. लोकांनी उचलले. आणि तू हात वर केलास.

"थांबा! अजून फार गार आहे. दहावर येऊ द्या, मग बघा."

लोक थांबले. तू बोलायला लागलास, आणि एकदा तू बोलायला लागलास की दहाचे पंधरा कधी झाले ते तुलाही कळलं नाही. मांडवात उन्हाची झळ येत होती. माझ्या हातातला ग्लास कोमट होत गेला आणि त्यातून वास यायला लागला. सडक्या अंड्याचा. आधी मला वाटलं, कोंबड्यांच्या खुराड्याकडून वारा येतोय. मग शेजारच्या बाईनं ग्लास लांब धरला. एक हॉटेलवाला मोठ्यानं म्हणाला, "कुठं अंडं फुटलंय का हो?" मागे कुणीतरी हसलं.

गार होतं तोवर ठीक होतं. लोकांना हवी तशी बर्फाळ प्यायला दिली असतीस तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि मागाहून कळलं असतं तरी मृणालनं सावरून घेतलं असतं. पण तुला दहा हवे होते.

आणि तू? तू ग्लास गोल फिरवत होतास. त्यात नाक खुपसून, डोळे मिटून म्हणत होतास, "पेरू... लिंबाचं फूल... शेवटी थोडा मध."

लोक आता उघड हसत होते. तू डोळे उघडलेस आणि नेमकं माझ्याकडे पाहिलंस. मी पदर नाकाला लावला होता. तुला कळलं. त्या क्षणी तुला सगळं कळलं. मला वाटलं, आता तू सांगशील. आता बोलशील की माफ करा, मला वास येत नाही, चूक माझी आहे.

तू ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, "ही वाईन उन्हात राहिलेली आहे. मी पास केली ती ही नव्हे. मृणाल, तुला तापमान सांभाळायला सांगितलं होतं ना?"

"सर, कोल्ड रूममध्येच होती."

"मग कोल्ड रूम बघ तुझी."

उन्हानं असा वास येत नाही. तो टाकीतच धरतो, आणि वेळेवर कळला तर बाटलीत भरायच्या आधी घालवता येतो, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. तिथं कुणी जाणकार असता तर तुला तोंडावर हसला असता. पण तिथला जाणकार तूच होतास. तिच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मुलीकडे बघत राहिले. हॉटेलवाले जेवून गेले, वाईनबद्दल एक शब्द न बोलता. मृणालनं नंतर सगळा माल ओतून दिला. यंदाची द्राक्षं तिनं दुसऱ्यांना घातली.

परतताना गाडीत मी म्हणाले, "वास येत नाही, एवढं बोलायला काय झालं होतं?"

"मग उद्यापासून मी कोण?"

"तिची माफी माग."

"तापमान चुकलेलंच असणार कुठंतरी," तू म्हणालास. रस्त्याकडे बघत म्हणालास, जणू मी नाही, समोरचा ट्रक ऐकतोय.

त्यानंतर तू भाऊबिजेला आलास तेवढाच. मी ओवाळलं. ताम्हनात ओवाळणी टाकताना तुझा हात थांबला. "कुंदे, मला तुला एक सांगायचंय."

"आधी मृणालला सांग," मी म्हणाले, "मग मला."

तू पाटावरून उठलास. फराळसुद्धा केला नाहीस. मी आजही तेच बोलेन. तू नाहीस म्हणून मी बदलणार नाही.

तर परवाची शोकसभा. भाषणं संपत आली होती. अध्यक्षांनी शेवटची आठवण म्हणून काय सांगावं? मांडवातली! "एका नवख्या मुलीची वाईन खराब निघाली," म्हणाले. "बाकी सगळे पीत होते. सरांनी तिथल्या तिथं, शंभर लोकांत चूक पकडली. असं नाक पुन्हा होणे नाही." माणसानं किती खोटं बोलावं? हे स्वतः तिथं हजर होते, फिदीफिदी हसणाऱ्यांत पुढे होते. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत मृणाल बसली होती. पांढरा पंजाबी ड्रेस, हातात फुलांची पुडी. ती तुला फूल वाहायला आली होती.

"आता सरांच्या भगिनी दोन शब्द बोलतील."

मी आभार मानायला उठले होते, खरंच. माईक हातात आला आणि मी म्हणाले, "माझ्या भावाला गेली काही वर्षं वास येत नव्हता. अजिबात नाही. मृणालची वाईन त्यानं पास केली तेव्हा त्याला वास आला नाही, आणि मांडवात ती नासलेली निघाली तेव्हाही आला नाही. उन्हात राहिली म्हणाला ते खोटं होतं. तिच्या कोल्ड रूमची काही चूक नव्हती."

अध्यक्ष माईककडे हात पुढे करून म्हणाले, "ताई भावनेच्या भरात..."

"मी शुद्धीवर आहे," मी म्हणाले. "तुमची आदरांजली मी घेतलेली नाही."

मृणाल उठली. तुझ्या फोटोकडे एकदा पाहिलं, पुडी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेली. मी खाली आले तोवर शेजारची खुर्ची रिकामी होती. वहिनी मला न घेता रिक्षानं घरी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी इंदिरानगरला तुझ्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या. बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेली बाई, आवाज कधी चढत नाही.

"चार लोकांत माझ्या नवऱ्याला उघडं पाडलंत, कुंदाताई."

"वहिनी, मला माहीत आहे तुम्हाला धक्का बसला. दादानं तुम्हालाही सांगितलं नव्हतं..."

"मला?" वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात दूध जळून पातेलं काळं झालं, घरभर धूर, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मला कशाला सांगायला लागतंय? मला म्हणाले होते, तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कुंदीला तर नाहीच."

म्हणजे आम्हा दोघींना तू हेच सांगून ठेवलं होतंस. आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींसमोर बसून तुझं गुपित एकमेकींपासून जपत होतो. शाबास, दादा!

मग वहिनींनी बाकीचं सांगितलं. तू नमुने घरी आणायचास. जेवणाच्या टेबलावर ग्लास मांडायचास, एकेक योग्य तापमानावर आणायचास आणि वहिनींपुढे सरकवायचास. ज्या बाईनं आयुष्यात वाईनचा थेंब घेतला नाही, ती नुसतं हुंगून सांगायची. याला पिकलेल्या पेरूचा येतोय. याला ओल्या गोणपाटाचा. यात काहीतरी कुजलंय, हे कुणाला देऊ नका. तू ऐकायचास, जिभेवर घेऊन जुळवायचास आणि दुसऱ्या दिवशी जगाला सांगायचास. नाशिकचं नाक म्हणे! ते नाक परवा माझ्याशेजारी बसून मला पाणी देत होतं.

"भाऊबिजेला निघताना म्हणाले, कुंदीला आज सांगून टाकतो, हे नाक तुझं आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, हसेल ती. पण परत आले ते गप्पच होते. मी विचारलं नाही."



"मृणाल नमुना घेऊन आली तेव्हा मी घोटीला माहेरी होते," वहिनी पुढे म्हणाल्या. "आई पडली होती, आठवडाभर अडकले. यांनी फोन केला नाही, थांबले नाहीत. म्हणाले, पोरगी घाई करत होती. पोरगी कशाला घाई करेल? यांनाच 'नंतर ये' म्हणवलं नाही."

"मांडवात तरी..."

"मांडवातही मी नव्हते. मी घरी आले, हे सोफ्यावर झोपले होते, तोंड भिंतीकडे करून. मी म्हणाले तिला फोन करा. रोज म्हणायचे. हे रोज म्हणायचे, उद्या." वहिनींनी चष्मा काढून पुसला. "मी करायला हवा होता का? पण मग यांचं काय राहिलं असतं? तुम्ही बोललात ते बरोबर बोललात. मला राग त्याचा नाही. मी जिवंत असताना ते तुम्ही बोललात, त्याचा आहे. ते माझं काम होतं."

मग त्यांनी मोबाईल उचलला आणि मृणालला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मी ऐकावं म्हणून. त्यांनी तिला सगळं सांगितलं, टेबलापासून घोटीपर्यंत, जशी बँकेत एखादी चूक समजावून सांगावी तसं, कुठे न रडता.  

मग मृणाल म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही घरी असता तर त्यांना काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं, बाटल्या भरू देऊ नका. पोरीला बसवा आणि काय करायचं ते नीट सांगा. त्यांना उपाय माहीत होता गं. फक्त दुखणं कळलं नव्हतं."

"मी कोल्ड रूमच्या माणसाला काढून टाकलं, काकू. बाबांच्या ओळखीचे होते. बाबा अजून त्यांच्या दारावरून जात नाहीत."

वहिनींनी फोन जरा जवळ ओढला.

"मला सरांचा फार राग आलाय."

"यायलाच पाहिजे."

"तुमचाही आलाय."

"तोही ठेव," वहिनी म्हणाल्या. "मी आहे अजून. तुला वाटेल तेव्हा येऊन बोल मला."

मृणालनं फोन ठेवला. येईल की नाही, माहीत नाही. त्या कोल्ड रूमच्या माणसाकडे मात्र ती त्याच संध्याकाळी वडिलांना घेऊन गेली, असं बाळूकाकांकडून कळलं.

आणि आम्ही दोघी तिथंच बसलो. वहिनींनी सुरुवात केली. म्हणाल्या, एक नंबरचा भित्रा माणूस. मी म्हणाले, लहानपणापासून. आप्पांची छाटणीची कात्री मोडली तेव्हा माझं नाव घेतलं होतं त्यानं. वहिनी म्हणाल्या, खोटारडा. मी म्हणाले, आणि वर तोरा केवढा. त्यांनी सांगितलं की ताकालासुद्धा थर्मामीटर लावायचास. मी सांगितलं नणंदेच्या साखरपुड्यातल्या तुझ्या पराक्रमानंतर सासूबाई काय म्हणाल्या ते. वहिनी इतक्या हसल्या की चष्मा पुन्हा पुसावा लागला. आम्ही तुला नावं ठेवत गेलो, चांगली चवीनं, एकीला सुचेना तेव्हा दुसरीला सुचायचं. आणि तेवढा वेळ मला सारखं वाटत होतं, तू आतल्या खोलीत आहेस, सगळं ऐकतोयस, आणि आता चिडून बाहेर येशील.

मग नावं ठेवून संपली. आतून कुणी आलं नाही.